चाळीस वाक्यं

मुलाने मला कॅनडात ब्रॅम्प्टनला आणलं तेव्हा एक अट घातली होती. इथे कुणाला शिकवायचं नाही. "दारजी, जन्मभर घसा फोडलात, आता आराम करा," असं तो म्हणाला. पण त्याच्या पोटात वेगळंच होतं ते मला ठाऊक आहे. पंजाबात जगरांवच्या बसअड्ड्यासमोर, दुसऱ्या मजल्यावर, अकरा वर्षं माझी आयलेट्सची शिकवणी चालली. परदेशी कॉलेजात जायचं तर इंग्रजीची ही परीक्षा पास व्हावी लागते, आणि आमच्याकडे परदेशी जायचं नाही असं पोर शोधूनही सापडत नाही. त्यामुळे ब्रॅम्प्टनमध्ये बसचा ड्रायव्हर असो की औषधाच्या दुकानातली पोरगी, कुणी ना कुणी पुढे होऊन माझ्या गुडघ्याला हात लावतं, "पैरी पौना, मास्टरजी" म्हणतं, आणि सून मागे पिशव्या घेऊन ताटकळते. पुन्हा शिकवणी काढली तर घराला रांग लागेल ही मुलाला धास्ती. मी अट पाळली. मला वाटतं, पहिल्यांदाच मी कुणाचं काही ऐकलं.

शिकवणीचं मर्म एका वहीत होतं. खेड्यातली पोरं माझ्याकडे यायची ती इंग्रजीत 'माय काऊ' पलीकडे न गेलेली, आणि परीक्षेत चाळीस मिनिटांत निबंध मागायचे, तोही 'पर्यटनाने संस्कृतीचं भलं होतं की बुरं' असल्या विषयावर. ज्याने आयुष्यात लुधियाना ओलांडलं नाही तो काय लिहिणार? म्हणून मी चाळीस वाक्यं बांधली. दहा सुरुवातीची, दहा वळण घेण्याची, दहा उलट बाजू मांडण्याची, दहा शेवटाची. कुठल्याही विषयाला चालतील अशी. मधल्या फटीत पोरांनी आपल्या दोन-चार ओळी भरायच्या. रोज सकाळी आम्ही ती पाढ्यांसारखी एका सुरात म्हणायचो. खालच्या उसाच्या रसवाल्यालाही त्यातली पंधरा येत होती. पोरं धडाधड पास झाली. मग त्या वहीच्या झेरॉक्स निघाल्या, रायकोट, मोगा, बर्नाला, जिथे जिथे शिकवणीचं सेंटर तिथे ती गेली, माझं नाव मात्र कुठेच गेलं नाही. मी वरवर चिडायचो. आतून गुदगुल्या व्हायच्या.

आमच्या घराच्या तळघरात तीन विद्यार्थिनी भाड्याने राहायच्या. त्यातली मनरूप कौर रायकोटच्या बाजूची, एकवीस वर्षांची. मालपुरवठ्याच्या कोर्सची तिची शेवटची टर्म चालू होती आणि शनिवार-रविवार ती गोदामात खोकी उचलायची. मला ती बाबाजी म्हणायची. मी कोण होतो हे मुलाच्या अटीमुळे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी मी बर्फ पडला की तो वितळायला दारात मीठ टाकणारा, दिवसभर खिडकीशी बसणारा म्हातारा.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती वर आली. हातात दोन कागद.

"बाबाजी, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं का?"

"थोडंफार येतं."

"मग हे वाचा आणि मला जे कळलंय ते चूक आहे असं सांगा."

तिला कळलं होतं ते बरोबर होतं. कॉलेजात निबंध तपासायला एक मशीन ठेवलंय. तिचा निबंध एक्याण्णव टक्के एआयने लिहिलेला आहे असं त्या मशीनने सांगितलं होतं. नऊ दिवसांनी चौकशी. आरोप शाबीत झाला तर एक टर्म, म्हणजे चार महिने, कॉलेजातून बाहेर.

"चार महिने तर चार महिने," मी म्हटलं. "तेवढा दम धर. पुन्हा बस परीक्षेला."

"बाबाजी, तुम्ही कुठल्या जगात राहता?" ती म्हणाली. तिचा आवाज चढला आणि लगेच तिने तो आवरला. "टर्म गेली म्हणजे मी विद्यार्थी नाही. विद्यार्थी नाही म्हणजे इथे राहायचं परमिट नाही. माझं परमिट मार्चअखेर संपतंय, वाढवून मागितलंय. त्यांना कळलं की मी कॉलेजात नाही, तर ते मला घरी घालवतील. एका टर्मसाठी. पदवीचा कागद हातात न घेता."

"मशीनकडून लिहून घेतलंस का? खरं सांग, मी ओरडणार नाही."

"वाहेगुरूची आण."

मी निबंध हातात घेतला. मशीनने संशयाच्या ओळी लाल केल्या होत्या. पहिली ओळ लाल. 'आजच्या वेगवान युगात या प्रश्नाकडे डोळेझाक करणे कुणालाही परवडणारे नाही.'

माझं पहिलं वाक्य.

सांगायला लाज वाटते, पण माझ्या मनात सगळ्यात आधी आनंद आला. सात समुद्रापलीकडे, माझ्याच घराच्या तळघरात, माझं वाक्य कानामात्रा न बदलता नांदत होतं. मी पुढे वाचत गेलो. चौथं, अकरावं, सतरावं, तेविसावं. 'या विषयाच्या दुसऱ्या अंगाचाही साकल्याने विचार व्हायला हवा.' सगळी लाल. शेवटचा परिच्छेद तर अख्खा माझा आणि अख्खा लाल. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला आणि तो आनंद जागच्या जागी विझला.

मधे तीन ओळी मात्र पांढऱ्या राहिल्या होत्या. गोदामातल्या कामाबद्दल, जिथे वेग मोजायला मनगटाला यंत्र बांधतात. 'मनगटावरचा मशीन मला बोलते तू हळू. मी जलदी करते तरी बोलते. माझा हात झोपेमध्ये पण खोका उचलते.'

जगरांवला कुणी असं लिहिलं असतं तर मी लाल पेनने आडवी रेघ मारली असती आणि वर चारचौघांत विचारलं असतं, झोपेत खोका कोण उचलतं रे, तुझा बाप?

"ही वही तुला कुठे मिळाली?" मी विचारलं.

"कुठली वही?"

"चाळीस वाक्यांची."

"सेंटरमध्ये. सगळ्यांना देतात. लंडनच्या कुणा गोऱ्या प्रोफेसरने लिहिलीय, आमचे सर सांगायचे."

"गोरा नाही," मी म्हटलं. "सावळाच आहे. तुझ्या समोर बसलाय."

ती हसेल असं मला वाटलं होतं. ती खुर्चीत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. मग म्हणाली, "बाबाजी, दोन वर्षं मी तुमच्या दारातलं मीठ तुडवतेय आणि तुम्ही आत्ता सांगता?"

दुसऱ्या दिवशी मॉलमध्ये गेलो. थंडीत आम्ही म्हातारे तिथेच बसतो, एका चहावर तीन तास. बिक्कर सिंग पंजाब रोडवेजमध्ये ड्रायव्हर होता; त्याला अक्षर वाचायचा कंटाळा, पण अक्कल आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त. मी त्याला सगळं सांगितलं.

"मास्तरा, तुझी पोरगी मशीनसारखी लिहीत नाही," तो म्हणाला. "मशीनच तुझ्या पोरांसारखं लिहितंय. लाखभर पोरांनी तुझी बडबड जगभर पसरली, त्याने ती उचलली. केस तूच ठोक त्याच्यावर."

"चेष्टा पुरे. मी जाऊन सांगू का, की वाक्यं माझी आहेत?"

बिक्करने चहा फुंकला. "सांग की. मशीनचा आरोप जाईल. मग नकलेचा लागेल. वाक्यं तिचीच होती असं तर तू म्हणू शकत नाहीस."

हेच मला रात्रंदिवस खात होतं. गप्प बसलो तर ती जाणार. बोललो तर माझ्या तोंडाने तिच्यावर दुसरा डाग लावणार. जगरांवच्या पुतण्याला फोन करून माळ्यावरची मूळ वही शोधायला लावली. पहिल्या पानावर तारीख होती, बैसाखी २००८. पानांचे फोटो आले, ते प्लाझातल्या दुकानात छापून घेतले. मनरूपला विचारलं, दाखवायचे का? ती म्हणाली, "मला माहीत नाही, मास्टरजी." आता ती मला बाबाजी म्हणेनाशी झाली होती.

चौकशीच्या खोलीत तिघं होते. मधे मिसेस हॅलोरन, पिकल्या केसांची, चष्मा साखळीला लावलेली बाई. एका बाजूला तरुण प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला टिपणं घेणारी कारकून. विद्यार्थ्याला एक माणूस सोबत आणता येतो, पण त्याने बोलायचं नाही असा नियम. मी मागच्या खुर्चीत बसलो, फोटोंचं पाकीट मांडीवर.

"मनरूप, घाबरू नकोस," हॅलोरनबाई म्हणाल्या. त्या मनापासून म्हणत होत्या. "तू हा निबंध कसा लिहिलास, तुझ्या स्वतःच्या शब्दांत आम्हाला सांग."

मनरूप उभी राहिली. इथे कुणी उभं राहत नाही. आमची पोरं राहतात. तिने तोंड उघडलं आणि म्हणाली, "आजच्या वेगवान युगात या प्रश्नाकडे डोळेझाक करणे कुणालाही परवडणारे नाही."

तरुण प्राध्यापकाने पेन खाली ठेवलं. भीतीने बिचारीचं इंग्रजी जिथून एरवी फुटायचं तिथूनच फुटलं. ती दुसऱ्या वाक्यावर गेली. तिसऱ्याला अडली.

"'निःसंशयपणे,'" मी मागून म्हणालो.

"सर, तुम्हाला बोलता येणार नाही," हॅलोरनबाईंनी बजावलं.

मी उठून उभा राहिलो. "बाई, पोर अडलं की मला गप्प बसता येत नाही. अकरा वर्षांची खोड आहे." आणि तिसरं वाक्य म्हटलं. मग चौथं. मनरूपने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि पाचव्याला तिचा आवाज माझ्या आवाजात मिसळला. सहावं, सातवं, आठवं, आम्ही दोघं एका सुरात, जिथे जगरांवला थांबून श्वास घ्यायचो तिथेच थांबून, म्हणत गेलो. बाविसाव्याला हॅलोरनबाईंनी हात वर केला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी." मी पाकीट टेबलावर ठेवलं. "ही तारीख बघा. तेव्हा तुमचं मशीन जन्मलंही नव्हतं."

त्यांनी पानं एकेक करून बघितली. मग चष्मा काढला. "का लिहिलंत?"

काय काय उत्तरं तयार करून आणली होती. ती सगळी त्या चाळीस वाक्यांसारखीच निघाली असती. मी म्हणालो, "पोरांना इकडे यायचं होतं. तुमच्या दारात इंग्रजी मागत होते. त्यांच्याकडे नव्हतं, मी दिलं. ते त्यांचं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं."

"आणि हे?" बाईंनी त्या तीन पांढऱ्या ओळींवर बोट ठेवलं.

"ते तिचं. माझ्या हाती पडलं असतं तर मी खोडलं असतं."

बोललो आणि मला रडू आलं. अडुसष्टाव्या वर्षी, तीन परक्या माणसांसमोर. किती पोरांचं काय काय खोडलं असेल मी.

अर्ध्या तासाने निकाल आला. मशीन वापरल्याचा आरोप रद्द. दुसऱ्याची वाक्यं नाव न देता वापरल्याबद्दल ताकीद. निबंध दोन आठवड्यांत नव्याने, आपल्या भाषेत लिहून द्यायचा. टर्म वाचली. मनरूपने कॉलेजच्या दारात, सगळ्यांच्या देखत, माझ्या पायाला हात लावला. घरी आलो तर सुनेने तिन्ही पोरींना वर बोलावून मक्याची रोटी आणि साग खाऊ घातलं. मुलगा म्हणाला, "दारजी, अट मोडलीत," पण हसत म्हणाला.

हे सुख आठ दिवस टिकलं.

परमिटच्या अर्जाला जोडायला कॉलेजचा दाखला हवा होता, तो आणायला ती खिडकीवर गेली आणि पांढरीफटक होऊन परत आली. चौकशी सुरू झाली त्या दिवशी कॉलेजच्या कॉम्प्युटरने तिचं नाव अडकवून ठेवलं होतं. तसा रिवाजच आहे. आणि त्याच काळात, ठरल्या तारखेला, शिकत असलेल्या विद्यार्थ्यांची यादी इमिग्रेशनकडे गेली. त्या यादीत मनरूप कौर नव्हती.

मी तिच्याबरोबर पुन्हा त्या खिडकीवर गेलो. "यादी कुणी पाठवली?" मी विचारलं. "त्या माणसाशी आम्हाला बोलायचंय."

"कुणीच नाही पाठवली, सर," खिडकीतली मुलगी म्हणाली. "ती आपोआप जाते."

हॅलोरनबाईंनी स्वतः फोन केले, चूक झाल्याचं पत्र स्वतःच्या सहीने दिलं. माणसांनी जे करायचं ते सगळं केलं. पण पत्र पोचायच्या आत मनरूपच्या अर्जाचं उत्तर आलं होतं. नामंजूर. पाच वाक्यं. 'उपलब्ध माहितीचा साकल्याने विचार करता, आपण अभ्यासक्रम पूर्ण कराल याविषयी आमची खात्री पटलेली नाही.' तळघरातल्या दुसऱ्या मुलीला, पलवीला, वर्षापूर्वी असाच नकार आला होता, तो कागद तिने आणून शेजारी ठेवला. तीच पाच वाक्यं, त्याच क्रमाने. फक्त मधल्या फटीतलं नाव वेगळं. हीही साच्यातली वाक्यं होती, हे मला दुसऱ्या कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

नव्वद दिवसांत पुन्हा अर्ज करता येतो; तोवर कॉलेज बंद, काम बंद. मनरूपने अर्ज स्वतः लिहिला. जे घडलं ते, सरळ. तळघरातल्या पलंगावर बसून आठवडाभर लिहीत होती. मग कागद माझ्याकडे आणून दिला. "चुका काढा, मास्टरजी."

मी लाल पेन घेतलं. बावीस चुका होत्या. खालून वर, वरून खाली दोनदा वाचलं. प्रत्येक ओळीत ती होती. मी पेनाला टोपण लावलं आणि म्हणालो, "राहू देत. जसं आहे तसंच धाड."

पाच वाक्यं पुन्हा आली. जूनमध्ये ती गेली. विमानतळावर तिने मला विचारलं नाही, पण मी स्वतःला आजही विचारतो की त्या बावीस चुका काढल्या असत्या तर काय झालं असतं. बिक्कर म्हणतो, काही झालं नसतं, वाचलंच कुणी होतं? तो मला धीर द्यायला म्हणतो, पण त्याने धीर येत नाही.

ऑक्टोबरात तिचा फोन आला. आवाज खुशीत होता. रायकोटच्या त्याच सेंटरमध्ये तिला नोकरी लागली होती. जिने ते मशीन जवळून बघितलंय अशी शिक्षिका म्हणून तिचा मोठा बोर्ड लावलाय, म्हणाली.

"काय शिकवतेस?"

"व्हिडिओ पाठवलाय, बघा ना. जुनी वही आता चालत नाही, मास्टरजी, सगळी लाल होते. आम्ही नवी काढलीय. मशीन ज्यांना हात लावत नाही अशी वाक्यं."

मी व्हिडिओ लावला. लांबट खोली, तीसेक पोरं-पोरी बाकांवर, समोर मनरूप हातात पट्टी घेऊन. तिने पट्टी टेबलावर आपटली आणि सगळी एका सुरात, श्वास घ्यायची जागासुद्धा न चुकता, म्हणू लागली. 'मनगटावरचा मशीन मला बोलते तू हळू. मी जलदी करते तरी बोलते. माझा हात झोपेमध्ये पण खोका उचलते.' पुढच्या बाकावर दोन वेण्यांची एक मुलगी होती, सोळा-सतराची. डोळे मिटून म्हणत होती. तिने जन्मात खोका उचलला नसेल.

मी ते तीनदा लावलं. मनरूप फोनवर थांबली होती.

"तू हे कशाला दिलंस त्यांना?" मी म्हटलं. "हे तुझं होतं."

"त्यांना तिकडे यायचंय, मास्टरजी," ती म्हणाली. मग विद्यार्थिनीच्या आवाजात, "म्हणण्यात कुठे चूक होतेय का? तुमचा कान आहे म्हणून विचारते."

मी परत एकदा ऐकलं.

"नाही पुत्तर," मी म्हणालो. "पाठ चांगलं झालंय."